पोर्तोला दोनच दिवस आहेत. दोरूच्या खोऱ्यात काय पाहू?

अंत्रूजकन्या (फोंडा):
आमच्या घरात वाईन कुणी घेत नाही. तरी नाताळात शेजारची आंटी दोदोल, नेवऱ्यांबरोबर पोर्ट वाईनचा छोटा ग्लास पुढे करायची आणि आजी तो औषध म्हणून घ्यायची. सप्टेंबरअखेर मावसभावाकडे लिस्बनला जातेय, त्यातले दोन दिवस पोर्तोसाठी आहेत. जो तो सांगतो, नदीपलीकडे गाया नावाच्या शहरातली वाईनची कोठारे बघ. मी इतिहास शिकवते, मला त्या प्रदेशाबद्दल कळून घ्यायचंय. आंटीच्या बाटलीतली पोर्ट तिथलीच का?

सत्तरीकर:
ताई, आधी बाटलीचं सांगतो. गोव्यात तयार होणाऱ्या पोर्टची द्राक्षं बाहेरून, महाराष्ट्र-कर्नाटकातून येतात. आपल्या जांभ्या जमिनीवर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात द्राक्षवेल कशी टिकणार? खरी पोर्ट दोरू नदीच्या वरच्या खोऱ्यातली. मी तिथे दोन हंगाम तोडणीला होतो, म्हणून कळकळीने सांगतो: कोठारांना एक संध्याकाळ पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठची रेल्वे धरून खोऱ्यातल्या पिन्यांव गावाला जा. जाताना उजव्या बाजूला बसा, नदी तिकडे असते.

तिथे भिंती बघा. डोंगर सगळा शिस्टचा, म्हणजे आपल्या शाळेच्या पाटीसारखा थराथरांचा दगड. माती अशी नव्हतीच. माणसांनी तो दगड फोडून माती केली आणि निघालेल्या दगडांचेच बांध घातले, चुन्याशिवाय. वेलीची मुळं त्या फटींतून खोल जाऊन पाणी शोधतात. उन्हाळ्यात पारा 40च्या वर जातो. तिथले लोक म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. एका बांधावर वेलींच्या दोनच ओळी मावतात असे उतार आहेत. पाठीवर टोपलं घेऊन ते चढताना मला आमच्या काजूच्या डोंगराची फार आठवण यायची.

आणि रात्री तुडवणी! ग्रॅनाइटचा उथळ हौद असतो, लागार म्हणतात. खांद्याला खांदा लावून, मांडीपर्यंत रसात, पहिले दोन तास मोजून पावलं टाकायची, कुणी इकडे तिकडे हलायचं नाही. मग अकॉर्डियन सुरू होतं आणि ज्याला हवं तसं नाचायला मोकळीक. आम्ही फेणीसाठी कोळंबीत, म्हणजे दगडी हौदात, काजूची बोंडं तुडवतो तेव्हा असंच गुडघे भरून येतात. फरक पुढे आहे. आपण रस पूर्ण आंबवून भट्टीला लावतो. ते दोन-तीन दिवसांत, साखर निम्मी उरलेली असतानाच, 77 टक्क्यांची द्राक्षांची दारू ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. आंबणं थांबतं आणि गोडवा तसाच राहतो.

अंत्रूजकन्या:
भाऊ, कोळंबीचं वाचून मामाचा डोंगर डोळ्यांसमोर आला. अठराव्या शतकातला पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने या प्रदेशाच्या सीमा आखल्या असं वाचलं होतं. तोच ना?

सत्तरीकर:
तोच. 1756मध्ये त्याने कंपनी काढली आणि कुठली वाईन पोर्ट म्हणून विकायची ते ठरवलं. त्यासाठी ग्रॅनाइटचे 335 शिमेचे दगड रोवले, काही अजून मळ्यांत उभे आहेत. रंग गडद दिसावा म्हणून वाईनमध्ये एल्डर नावाच्या झाडाची काळी बोरं मिसळत, तर ती झाडंच उपटायला लावली. नियम कडक होते, पुढच्याच वर्षी पोर्तोत दंगल झाली आणि कित्येकांना फाशी दिली गेली. 1763मध्ये तुमचं फोंडं पोर्तुगीजांच्या हाती गेलं, तेव्हा लिस्बनमध्ये सत्ता त्याचीच होती. फेणीला 2009मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधी अडीचशे वर्षं तिथे ही कल्पना अमलात होती. आपल्या भट्टीवाल्यांनाही शिमेच्या दगडाचा असा आधार मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मडगावचा द्राक्षवाला:
आमचे द्राक्षमळे सांगलीकडे, म्हणून एक भर घालतो. 1860च्या दशकात तिथे फिलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड आली आणि मळेच्या मळे वाळले. पुढे अमेरिकन खुंटावर कलमं बांधून वेली परत उभ्या राहिल्या. आम्ही आज डॉगरिज खुंटावर बांधतो, त्यामागचं तत्त्व तेच. ज्या बांधांवर पुन्हा लागवड झाली नाही, ते अजून तसेच रिकामे किंवा ऑलिव्ह लावलेले दिसतील. तिथे त्यांना मोर्तोरियु म्हणतात, त्या शब्दात मरणच आहे. ताई, ते नक्की बघा, फोटोंत कुणी दाखवत नाही.

सत्तरीकर:
बरोबर, माझ्याकडून राहिलं. नदीत धरणं बांधण्याआधी पिंपं राबेलु नावाच्या सपाट होड्यांतून गायापर्यंत जात, ते चित्र पिन्यांवच्या स्टेशनवरच्या निळ्या फरशांतूनच मनात उभं राहतं. गाडीतून उतरल्यावर घाई करू नका. त्या फरशांवर तोडणी करणारी माणसं रंगवलीत. आधी ती बघा, मग डोंगराकडे.