डोलकाठीवरचा दिवा मिणमिणतो, अख्खी वायर बदलायची का?

ऐरोलीकर:
माझी २२ फुटी शिडाची होडी दिवाळे जेट्टीजवळ असते. डोलकाठीच्या टोकावरचा १० वॉटचा दिवा नुसता मिणमिणतो. बल्ब नवा आहे. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, बल्ब काढून होल्डरवर मोजलं तरी १२.६! आधीच्या मालकाने घरातली १.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकलीय. एक वायरमन म्हणतो, बारीक आहे, सगळी काढा, २.५ची टाका. डोलकाठी उतरवायला माणसं गोळा करावी लागतात हो.

वायरमनकाका, बेलापूर:
थांबा, काही उपटू नका. बल्ब काढल्यावर करंटच वाहत नाही, मग व्होल्टेज पडणार कुठे? सडका जॉइंटही मीटरला पूर्ण १२.६ दाखवतो. दिवा चालू ठेवून मोजा. काळी पिन लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन एकेका जॉइंटवर: फ्यूज, स्विच, डोलकाठीच्या बुडाचा प्लग. आकडा धाडकन खाली आला की तिथे चोर. निगेटिव्हची बाजूही बघा, ती सगळे विसरतात.

बारीक म्हणणाऱ्याला हिशोब विचारा. १० वॉटला एक अँपियरही लागत नाही. जाऊन-येऊन २४ मीटर धरली तरी १.५च्या तांब्यात पाव व्होल्ट पडत नाही. घरगुती वायरचा दोष जाडीत नाहीच. तांब्याला कल्हई नसते, खारं पाणी इन्सुलेशनच्या आतून चढतं आणि तारा काळ्या पडतात.

घणसोलीवाला:
सोल्डर मारा दादा, वर काळी टेप. विषय संपला.

वायरमनकाका, बेलापूर:
घरात चालेल. इथल्या दमट हवेत टेप चिकट होऊन सुटते. आणि सोल्डर संपतो तिथे तार ताठ होते, होडी सारखी हलते, बरोबर तिथेच तुटते. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, रॅचेटच्या क्रिंपरने (दाबायच्या पकडीने) दाबा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी, गरम केली की आवळते ती. मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात मिळेल.

ऐरोलीकर:
काका, मोजलं. फ्यूज १२.५, स्विच १२.४, प्लगच्या खाली १२.३, प्लगच्या वर १०.१! निगेटिव्ह ठीक.

वायरमनकाका, बेलापूर:
मग प्लगच. घासत बसू नका, काढून टाका. जॉइंट केबिनच्या आत घ्या आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, पाणी तिथूनच ठिबकेल. वायर सोलून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. डोलकाठीकडच्या बाजूला काळंच लागत राहिलं तर मात्र नारळी पौर्णिमेआधी ती उतरवा आणि कल्हईवाली वायर ओढा.

हात घातलाच आहे तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज आहे का बघा. बिल्ज पंपाची, म्हणजे होडीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची, वायर मेन स्विचच्या आधी घ्या, वेगळ्या फ्यूजमधून. मेन बंद करून तुम्ही ऐरोलीला जाता, पंप तर त्याच रात्रीच्या पावसात लागतो.