बाबांना इम्युनोथेरपी आणि शेक एकदमच सांगितलेत. कुणाला अनुभव?

कृष्णाकाठ:
दोन वर्षांपूर्वी बाबांच्या टाचेला काळा डाग आला. जन्मभर चिखलात अनवाणी चाललेला माणूस. भोवरी समजून ब्लेडने कोरली, मलम लावलं. यंदा जांघेत गाठ आली आणि बायोप्सीत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला. आता फुप्फुसात गाठी, मेंदूत दोन बारीक ठिपके. डॉक्टर म्हणतात, पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी आणि मेंदूला शेक, म्हणजे रेडिएशन. गावात शेक म्हटलं की लोक 'आता काय राहिलं' असं बघतात. वय ६८. झेपेल का? आणि एका जागी शेक दिला की दुसरीकडच्या गाठीही विरतात म्हणे, खरं का?

धाकटी_बहीण:
माझ्या दादाचं तळव्यावरूनच सुरू झालं होतं. शेकाचं काही वाटलं नाही हो, येताना रसवंतीत थांबलो. त्रास झाला तो सुईचा, तोही तिसऱ्या डोसनंतर. दिवसाला आठ-आठ जुलाब. वहिनीने दोन दिवस साबुदाण्याची पेज दिली, बाहेरचं खाल्लं असेल म्हणून. ती आतड्याची सूज होती, औषधामुळे आलेली. स्टेरॉइडवर उतरली. तुम्ही पेज करत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. दम लागला, डोळे पिवळे झाले तरी.

किरणवाला:
मी रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे. आधी तो 'शेक' शब्द सोडा, त्यात ऊब काही नसते.

दूरच्या गाठी विरण्याला अ‍ॅबस्कोपल परिणाम म्हणतात. शब्द १९५३चा. किरणांनी फुटलेल्या पेशींमुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रूची ओळख पटते आणि इम्युनोथेरपी त्यांचा ब्रेक काढते, अशी कल्पना. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेलॅनोमा रुग्णात हे घडलेलं छापून आलं, तेव्हापासून सगळे त्यामागे आहेत. पण हे क्वचित घडतं. त्या आशेवर राहू नका. बाबांना किरण दिले जातायत ते मेंदूतले ठिपके मारायला. फुप्फुसाचं काम औषधाचं.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आठवतात? २०१५ मध्ये नव्वदीत यकृतात आणि मेंदूत मेलॅनोमा. शस्त्रक्रिया, मेंदूला किरण, हेच पेम्ब्रोलिझुमॅब. डिसेंबरात स्कॅन स्वच्छ, आणि गेले ते शंभरी गाठून, २०२४ मध्ये. सगळ्यांचं असं होत नाही, पण 'काय राहिलं' म्हणणाऱ्यांना सांगा.

डॉक्टरांना विचारा: किरण फक्त ठिपक्यांवर की पूर्ण मेंदूला? मेंदूच्या सुजेसाठी स्टेरॉइड चालू आहे का, किती? ते जास्त असलं तर इम्युनोथेरपीचा जोर कमी पडू शकतो. गाठीच्या बीआरएएफ जनुकाची तपासणी झाली का?

कृष्णाकाठ:
विचारलं. फक्त ठिपक्यांवर, एकाच बैठकीत. बीआरएएफचा रिपोर्ट यायचाय. किरण देताना डोकं हलू नये म्हणून घालतात त्या मुखवट्याचं माप घ्यायला उद्या बोलावलंय. बाबांचा एकच प्रश्न, दाढी करून यायचं का?

किरणवाला:
करून या. आणि किरण होईपर्यंत तशीच ठेवा, वाढली तर मुखवटा नीट बसत नाही.