मदत हवी आहे: जुन्या रॉकेल इंजिनाला आज कोणतं इंधन द्यावं?

नमस्कार मंडळी. नाशिककडे गिरणाऱ्याजवळ आमच्या मळ्यातल्या विहिरीवर आजोबांच्या काळचं लिस्टर डी इंजिन आहे, दीड हॉर्सपॉवरचं, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं. मॅग्नेटोची ठिणगी चांगली निळी पडते, कॉम्प्रेशनही आहे. अडलंय ते इंधनावर.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. कार्ब्युरेटरचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) बुचाचा, त्यावर लाखेचा थर, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. थर सुटून चिकट झालाय, बूच पेट्रोल पितं, फ्लोट जड होऊन बुडतो आणि पेट्रोल वाहून जातं. पाणी घालून इथेनॉल खाली बसवायचं आणि वरचं पेट्रोल काढून घ्यायचं, असं काहीजण करतात. त्यात ऑक्टेन (ठोके न पडता जळण्याची इंधनाची क्षमता) उतरतो, पण इतक्या कमी कॉम्प्रेशनला तो चालावा असं मला वाटतं. कोणी करून पाहिलंय का?

दुसरं, रॉकेल. इंग्लंडात अशा इंजिनांसाठी ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइल नावाचं रॉकेलसारखं इंधन मिळायचं, ऑक्टेन साधारण ५५ ते ६०. ते १९७४ मध्ये बंद झालं. साध्या रॉकेलचा ऑक्टेन त्याहून बराच कमी, म्हणून त्यात थोडं पेट्रोल मिसळतात. लोड आल्यावर ठोके पडू नयेत यासाठी तुमचं प्रमाण काय? न जळलेलं रॉकेल ऑइलमध्ये उतरतं, तर ऑइल किती तासांनी बदलता?

सातपूर-अंबडकडे बुचाचा फ्लोट बनवून देणारा किंवा त्याला इथेनॉल सोसेल असा लेप लावणारा कारागीर माहीत असेल तर जरूर कळवा. पितळी फ्लोट बसवता येईल, पण मला मूळचाच टिकवायचाय.