विषय: क्रूगरची सहल, टूरबरोबर की आपली आपण? रविवारपर्यंत उत्तर हवे

प्रेषक: माई (सातारा), सहल समिती

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या डिसेंबरच्या सहलीसाठी टूर कंपनीचे दरपत्रक आले आहे आणि ते सर्वांनी पाहिले असेल असे गृहीत धरते. अडचण एकच आहे. कंपनीने मुक्काम उद्यानाबाहेर, हेझीव्ह्यू गावातल्या हॉटेलात ठेवला असून उद्यानातल्या, आपल्या साताऱ्याचेच नाव असलेल्या सातारा कॅम्पवर केवळ जेवणापुरते नेऊ असे कळवले आहे. अमेरिकेतली मंडळी आणि इकडे परतलेले आपण सारे मिळून त्याच कॅम्पवर राहायचे, या एका आग्रहापायी केनिया मागे पडून क्रूगर ठरले, हे कोणी विसरले नसेल. तिथल्या खोल्या हव्या असतील तर त्या आपल्यालाच आरक्षित कराव्या लागतील आणि मग फिरण्याची व्यवस्थाही आपल्याकडेच येईल. आरक्षण ११ महिने आधी खुले होते आणि डिसेंबरात तिथल्या शाळांना सुट्टी असल्याने खोल्या लवकर संपतात, म्हणून रविवारपर्यंत मत कळवावे. जेवणाच्या यादीवर आत्ताच कोणी लिहू नये, ही विनंती.

---

प्रेषक: नाना (कराड)

माई, नमस्कार.

माझे मत टूरच्या बाजूने आहे. आपल्यातले निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत. रात्रभर विमानात अवघडून जोहान्सबर्गला उतरायचे आणि तसेच सुमारे ५०० किलोमीटर गाडी हाकत उद्यानाचे ऑर्पेन गेट गाठायचे, हे धाडस आपल्या वयाला शोभणारे नाही. ताडोब्यात नोंदणीकृत जिप्सी आणि गाईड घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. मग वाघ-सिंहांच्या परक्या जंगलात आपण कोणाच्या भरवशावर शिरायचे? पिवळ्या तापाची लस, व्हिसा, विमा ही सगळी कामे कंपनी करते, शिवाय बरोबर मराठी बोलणारा माणूस देते. खर्चाचा मुद्दा कोणी काढणार असेल तर मागच्या सहलीचा हिशेब कोणी जुळवला होता, तेही त्याने आठवावे.

---

प्रेषक: अण्णा (मिरज)

आदरणीय नाना,

आफ्रिकेच्या जंगलात वाघ नाही, एवढी दुरुस्ती आधी नोंदवतो. लसीचेही तसेच आहे. भारतातून थेट जाणाऱ्याला दक्षिण आफ्रिका पिवळ्या तापाचा दाखला मागत नाही. वाटेत अदिस अबाबा किंवा नैरोबीला १२ तासांहून अधिक थांबा पडला तर मागते. तेव्हा तिकिटे काढताना मधला थांबा तपासावा. हिवतापाची गोळी मात्र डिसेंबरात, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, डॉक्टरांना विचारून ठरवावीच.

आता मूळ मुद्दा. क्रूगरची रचना ताडोब्याहून वेगळी आहे. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालेला हा सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे, त्यातले मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि पर्यटकाने आपली गाडी आपण चालवणे ही तिथली रुळलेली पद्धत आहे. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटर ही मर्यादा, रस्ता सोडून गाडी उतरवायची नाही, नेमलेल्या जागांखेरीज गाडीबाहेर पाऊल टाकायचे नाही आणि दार बंद होण्याआधी कॅम्पवर परतायचे. उशीर झाला तर दंड होतो. यासाठी गाईड लागत नाही, शिस्त लागते.

गाईड लागतो तो प्राणी दिसण्यासाठी, आणि इथे आपण दोन वेगळ्या माणसांची गल्लत करत आहोत. कंपनीबरोबर येणारा मराठी माणूस हा टूर मॅनेजर असतो. तो डोकी मोजतो, खोल्यांच्या किल्ल्या वाटतो आणि चिवड्याची पुडी हातावर ठेवतो. पण बिबट्या कोणत्या फांदीवर पसरला आहे हे त्याला आपल्याइतकेच कळते. जाणता गाईड कॅम्पवरच मिळतो. उद्यानाच्या उघड्या गाड्या पहाटे, सूर्यास्ताला आणि रात्री आपल्या गाईडसह निघतात आणि त्यांत माणशी जागा घेता येते. पहाटेची फेरी तर कॅम्पचे दार उघडण्यापूर्वीच सुटते, आणि रात्री खासगी गाडीला बाहेर पडण्याची परवानगीच नसते.

म्हणून मला मुक्कामाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. डिसेंबरात कॅम्पची दारे पहाटे साडेचारला उघडतात, उद्यानाची बाहेरची प्रवेशद्वारे साडेपाचला, आणि संध्याकाळी साडेसहाला सगळे बंद होते. हेझीव्ह्यूला झोपणाऱ्याचा तासभर तिथेच गेला. त्यानंतर फाबेनी गेटमधून सातारा कॅम्प शंभराहून अधिक किलोमीटर, म्हणजे ५० च्या वेगाने कुठेही न थांबता दोन तासांच्या वर. तोवर ऊन चढून सिंह सावलीला आडवे झालेले असतात. त्या कॅम्पभोवती बेसॉल्टची सपाट गवताळ जमीन आहे, तिथे झेब्रे, विल्डबीस्ट आणि रानरेडे चरतात आणि त्यांच्यामागे सिंह असतात. डिसेंबरात गवत वाढलेले आणि पाणी सर्वत्र पसरलेले असल्याने प्राणी पाणवठ्यावर एकवटत नाहीत, त्यामुळे नवख्या डोळ्याला कमी दिसते, हे मी मान्य करतो. म्हणूनच पहिल्या दोन पहाटे गाईडच्या गाडीतून जावे आणि मग आपल्या गाडीने तेच रस्ते सावकाश पुन्हा धुंडाळावेत.

राहिले तुमचे ५०० किलोमीटर, आणि तो आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय असा की जोहान्सबर्गहून विमानाने उद्यानातल्याच स्कुकुझा विमानतळावर उतरावे आणि तिथे भाड्याची गाडी घ्यावी. तिथून सातारा कॅम्प सुमारे ९३ किलोमीटर आहे आणि तो सगळा रस्ता जंगलातूनच जातो.

---

प्रेषक: दादा (न्यू जर्सी)

अण्णांशी सहमत आहे. गाड्या चालवण्याची काळजी नसावी, इकडून येणारे आम्ही तिघे ती जबाबदारी घेऊ. आम्हाला लांबच्या प्रवासाची सवय आहे.

---

प्रेषक: अक्का (विश्रामबाग, सांगली)

चि. दादास आशीर्वाद.

उत्साह चांगला आहे, परंतु दक्षिण आफ्रिकेत वाहने आपल्याकडच्यासारखी डावीकडून चालतात, हे तू लक्षात घेतलेले दिसत नाही. तुम्ही तिघेही उजवीकडून आणि गिअर न बदलता चालवणारे. भाड्याच्या स्वस्त गाड्या बहुधा हाताने गिअर बदलायच्या असतात. त्यापेक्षा सांगली-साताऱ्यात रोज गाडी चालवणाऱ्यांनी पुढे बसावे. आपला इंग्रजीतला, छायाचित्र आणि सही असलेला परवाना तिथे चालतो, तरी भाड्याची गाडी देणारे हटकतात, म्हणून आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. टायर आणि पुढची काच विम्यात धरली आहे का, हेही करारात वाचून घ्यावे. कच्च्या रस्त्यावर खर्च निघतो तो याच दोन गोष्टींचा.

टूरविषयी लिहायचे तर आम्ही केनियात मसाई माराला एका कंपनीबरोबर गेलो होतो. नाव लिहीत नाही. छत वर उचलणारी मिनीबस होती. एका झुडपाखाली सिंहीण पिल्लांना चाटत पडली होती, गवताबाहेर तिच्या शेपटीचा काळा गोंडा तेवढा हलत होता आणि चालकाने इंजिन बंद करून आम्हाला बोटाने गप्प केले होते. एवढ्यात टूर मॅनेजरने हॉटेलातला नाश्ता नऊला बंद होतो असे सांगून गाडी वळवायला लावली. चालकाचा चेहरा मला अजून आठवतो. तिथे परदेशी पाहुण्याला जुलै ते डिसेंबर रोज २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते. इतके पैसे मोजून पोहे खायला परत जायचे असेल तर आपले सागरेश्वर अभयारण्य काय वाईट आहे? मात्र मारात स्वतः गाडी चालवा असे मी कोणालाही सुचवणार नाही. मारातली काळी माती पाऊस झाला की आपल्या कृष्णाकाठच्या रानासारखी चाक धरून ठेवते. क्रूगरच्या डांबरी रस्त्यांवर तो प्रश्न येत नाही.

---

प्रेषक: माई (सातारा), सहल समिती

सर्वांचे आभार. बहुमत सातारा कॅम्पच्या बाजूने असल्याने खोल्यांचे आरक्षण आज करत आहे. जोहान्सबर्ग ते स्कुकुझा विमानाने, तिथून सात आसनांच्या गाड्या, प्रत्येक गाडीला दोन चालक, आणि पहिल्या दोन पहाटे व एक रात्र उद्यानाच्या गाईडबरोबर, असे ठरवले आहे. ज्यांना टूरबरोबरच यायचे असेल त्यांनी हेझीव्ह्यूचे पैसे कंपनीकडे परस्पर भरावेत; दुपारच्या जेवणाला कॅम्पवर भेट होईल. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना व्हिसा लागतो, अमेरिकी पासपोर्टवाल्यांना अल्प मुक्कामासाठी लागत नाही, त्यामुळे इकडच्या मंडळींनी कागद आधी जमवावेत. एक सूचना आत्ताच देऊन ठेवते: या कॅम्पवर हनी बॅजर नावाचे धीट रानटी प्राणी रात्री येऊन कचऱ्याचे डबे उलथवतात, तेव्हा व्हरांड्यात लाडवाचा डबा ठेवून कोणीही झोपू नये. चालकांची नावे शुक्रवारपर्यंत हवीत.

---

प्रेषक: नाना (कराड)

माई, पहाटेच्या दोन्ही फेऱ्यांत आणि रात्रीच्याही फेरीत माझे नाव घालावे. हिशेब मीच ठेवीन. आमच्या गाडीला मात्र चालक सातारा जिल्ह्यातलाच द्यावा. विश्रामबागेतल्या चौकात अक्कांना गाडी वळवताना मी पाहिले आहे.