मांजराच्या पिलाला दात ‘येतात’ की पिलू दात ‘पालटतं’?

(पांझराकाठ, गोठा, कळणाभाकर आणि सरकी या टोपणनावांच्या चौघांची चर्चा)

पांझराकाठ
चार महिन्यांचं पिलू खाटेची नवार, चपलेचा पट्टा, कूलरची वायर असं जे दिसेल ते तोंडात घालायला लागलं की धुळ्याकडे घरातलं कुणीतरी म्हणतंच, “त्याले दात यी ऱ्हायनात.” प्रमाण मराठीतही आपण ‘दात येतायत’ म्हणून मोकळे होतो. पुस्तकी शब्द ‘दंतोद्गम’; तो मांजराला लावला तर मांजरही उठून जाईल. या अवस्थेला बोलीतला नेमका शब्द कोणता? आणि हिरड्यांचं जे होतं ते ‘शिवशिवणं’ की ‘हुळहुळणं’, की दोन्ही एकच?

गोठा
भाऊ, ‘दात येणे’ इथे चुकतंच. माणसाच्या बाळाचा त्रास दुधाचे दात येताना असतो, म्हणून तो शब्द बाळाला बसतो. पिलाचे दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतात आणि ६ ते ८ आठवड्यांत सगळे येऊन जातात. तेव्हा ते आईजवळच असतं, कुणाला पत्ताही लागत नाही. लागलाच तर आईला: दात टोचायला लागले की ती पाजताना उठून जाते, आणि ‘दूध तुटायला’ सुरुवात होते. तुम्ही सांगताय तो धिंगाणा साडेतीन ते सहा महिन्यांमधला. तेव्हा दात नुसते येत नाहीत, आधीचे पडून नवे येतात. बैलाचं वय दातावर सांगताना बाजारात ‘आदत’, ‘दोन दाती’, ‘चार दाती’ म्हणतात ते याच पालटण्यावरून. आदत म्हणजे दुधाचा एकही दात न पडलेला. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही घोड्याचं तोंड उघडून हेच बघतात. गुरांसाठी हिशेब इतका चोख, आणि मांजराला मात्र बाळाचा शब्द! ‘दात पालटणे’ किंवा सरळ ‘दात बदलणे’ म्हणा.

कळणाभाकर
‘पालटणे’ पटलं, पण पूर्ण नाही. दुधाचे दात २६: पुढचे बारीक पटाशीचे १२, सुळे ४, मागचे १०. कायमचे ३०. जास्तीचे ४ म्हणजे अगदी मागच्या दाढा. त्यांच्या जागी आधी काहीच नसतं, त्यामुळे त्या पालटत नाहीत, त्या खरोखरच ‘येतात’. म्हणजे २६ पालटतात आणि ४ येतात. क्रम असा: पटाशीचे साडेतीन-चार महिन्यांना, सुळे चार-पाचला, मागचे त्याच सुमारास आणि नंतर, सहा-सात महिन्यांपर्यंत तोंड भरतं.

जाता जाता, संस्कृतात दाताला ‘द्विज’ म्हणतात, पक्ष्यासारखाच दोनदा जन्मणारा म्हणून. ‘द्विज’ म्हटलं की पक्षी आठवतो तसा दात कुणाला आठवत नाही.

सरकी
फरक फक्त शब्दाचा नाही, त्याच्यामुळे उपाय चुकतो. ‘दात येतायत’ म्हटलं की घरात बाळाचे उपाय निघतात. लवंगेचं तेल हिरडीला लावतात, बाळाची जेल लावतात. मांजराला दोन्ही नको. लवंगेतलं युजेनॉल आणि तशीच इतर द्रव्यं मांजराचं यकृत नीट निकामी करू शकत नाही, ती साचतात. बधिर करणाऱ्या जेलमधल्या बेंझोकेनने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद बिघडते. पॅरासिटामॉलचंही तेच: दीड-दोन किलोच्या पिलाला ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा तुकडासुद्धा जीवघेणा. आयब्युप्रोफेनही नको. दुखण्याचं औषध द्यायचंच तर ते जनावरांच्या डॉक्टरांनी वजन करून दिलेलं.

आणि ‘दुधाचे दात’ म्हणून वाटीभर गायीचं दूध पुढे ठेवणारेही आहेत. दूध सुटलेल्या पिलाला ते बहुधा पचत नाही, जुलाब होतात. त्या वयाला दात कितीही दुधाचे असले तरी पोट दुधाचं राहत नाही.

पांझराकाठ
मग ‘शिवशिवणं’ आणि ‘हुळहुळणं’?

कळणाभाकर
दोन वेगळ्या गोष्टी. ‘हात शिवशिवणे’ आठवा: मारायला, काहीतरी करायला हात आतुर होतो. शिवशिवण्यात नुसती खाज नसते, तिच्यात ओढ असते. हिरडी शिवशिवते तेव्हा पिलू चावायला काहीतरी शोधतं, दाबून चावलं की त्याला बरं वाटतं. ‘हुळहुळणे’ म्हणजे सोललेल्या कातडीचं होतं तसं, स्पर्श नको. दात हलायला लागला, हिरडी फाटली की हुळहुळते. तेव्हा पिलू खाणं तोंडात घेऊन परत टाकतं, मान वाकडी करून एकाच बाजूने खातं, जबड्याला हात लावू देत नाही. ‘ठणकणे’ आणखी पुढचं, ते पूचं लक्षण, आणि ‘आंबणे’ चिंचेमुळे. ते दोन्ही इथले नव्हेत. एकाच पिलात सकाळी शिवशिव आणि संध्याकाळी हुळहुळ असू शकते.

सरकी
आणि दोन्हींचा उपाय उलटा. शिवशिवलं तर चावायला द्या. हुळहुळलं तर चावायला लावू नका.

चावायला सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक गोष्ट गार फडकं. जुन्या सुती पंच्याचा वीतभर चौकोन, कडा शिवलेल्या. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फाशांत नखं आणि सुळे अडकतात. पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, दोरीसारखा पीळ घालायचा आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात २०-३० मिनिटं. फ्रीजरमध्ये नाही. बर्फाळ कडक झालेलं फडकं सुजल्या हिरडीला दगडासारखं लागतं, जिभेलाही चिकटतं. समोर बसून ५-१० मिनिटं द्यायचं, मग काढून घ्यायचं, धुवायचं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळच्या कोरड्या वाऱ्यात ते काही मिनिटांत कोमट आणि कोरडं होतं, म्हणून दोन फडकी आलटून पालटून ठेवावीत. धागा सुटायला लागला की फडकं फेकून द्या, शिवत बसू नका.

रबराची खेळणी घेताना अंगठ्याचं नख रुतवून बघा. थोडं दबलं तर चालेल. जराही दबत नसेल तर पिलाच्या दाताला जड, आणि तुकडा निघत असेल तर पोटात जाणार.

हुळहुळत असेल तेव्हा कोरडं खाणं भिजवा: एक माप दाण्यांना अर्धं माप कोमट पाणी, १०-१५ मिनिटं. उन्हाळ्यात भिजवलेलं लवकर आंबतं, अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचला. उकडलेली कोंबडी चालते. मीठ-मसाला नाही, हाड तर अजिबात नाही, शिजलेलं हाड चिरफळ्या होऊन टोचतं. शेवभाजीचा रस्सा किंवा भरिताची वाटी चाटायला देऊ नये. तिखटाचं सोडा, कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो.

गोठा
एक क्रियापद आणखी तपासा: लोक ‘कुरतडतंय’ म्हणतात. कुरतडतो उंदीर, पुढच्या दातांनी. पिलाचे दात शिवशिवत असतात तेव्हा ते वस्तू तोंडाच्या कोपऱ्यात, मागच्या दातांखाली नेऊन सावकाश ‘चघळतं’, डोळे अर्धे मिटून. हात-पाय धरून मागच्या पायांनी लाथा झाडत ‘चावतं’ तो खेळ, शिकारीची तालीम. त्यावर गार फडक्याचा काही उपयोग नाही. तेव्हा हात जागच्या जागी सैल सोडा, झटका देऊन ओढू नका. ओढलेला हात म्हणजे पळणारा उंदीर. पकड सुटली की काठीला बांधलेलं पीस किंवा चिंधी पुढे करा, जेवणाआधी १०-१५ मिनिटं दमवा, मग खाऊ घाला. खेळून झालं की काठी कपाटात. नाकावर टिचकी मारली तर पिलू शिस्त शिकत नाही, त्या हाताला घाबरायला शिकतं.

पांझराकाठ
म्हणजे ‘चघळणे’ हे दात पालटण्याचं आणि ‘चावणे’ हे खेळाचं. चघळायला देऊ नयेत अशा आपल्याकडच्या वस्तू कोणत्या?

सरकी
सुतळी, दोरा, परकराची नाडी, रबरबँड, आणि आपल्या भागात खास केळीचं सोपट. घड बांधायला वापरतात ती वाळलेली सोपटाची पट्टी पिलाला फार आवडते. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, एकदा जिभेवर गेलेली दोरी बाहेर ढकलता येत नाही, ती आतच जाते. एक टोक जिभेखाली अडकलं आणि उरलेली आतड्यात गेली तर आतडं तिच्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि चिरतं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरीचं टोक दिसलं तर ओढू नका, कापूही नका, तसंच दवाखान्यात न्या.

पऱ्हाटीच्या काड्या अंगणात रचलेल्या असतात, पिलू त्याही चघळतं. कपाशीवर फवारण्या किती होतात ते सगळ्यांना माहीत आहे. काड्या पिलाच्या तोंडापासून लांब. कण्हेर आणि मनीप्लांटही.

कूलरची वायर वेगळी सांगायला हवी, कारण पाणी आणि वीज शेजारी असतात. प्लास्टिकची केसिंग पट्टी किंवा अर्ध्या इंची पाइप चिरून त्यात वायर घाला, घरी नसताना प्लग काढा. शॉक लागून पिलू उठून चालू लागलं तरी निभावलं असं समजू नये. तोंड भाजलेलं असतं आणि फुप्फुसात पाणी नंतर काही तासांनी भरू शकतं. आधी बटण बंद, मग पिलाला हात.

कळणाभाकर
‘दातावर दात’ हा आपला घरगुती शब्दही इथे लागू पडतो. जुना सुळा पडायच्या आत नवा आला की दोन सुळे शेजारी दिसतात. शब्दशः वर नसतो, वरच्या जबड्यात नवा सुळा जुन्याच्या पुढे येतो. थोडे दिवस दोघं दिसले तर घाबरू नका. नवा पुरता वाढूनही जुना हलत नसेल, किंवा सहा महिने उलटले असतील, तर डॉक्टरांना दाखवा. मधल्या फटीत केस आणि खाणं साचून हिरडी कुजते, नवा दात वाकडा बसतो. चिमट्याने घरी उपटायचा नाही: दुधाच्या सुळ्याचं मूळ दिसणाऱ्या भागापेक्षा लांब आणि बारीक असतं, आत तुटून राहतं. नसबंदीच्या भुलीतच तो काढून घेतात, दुसरी भूल टळते. तारीख ठरवताना आधी तोंड उघडून दाखवा.

सरकी
हिरडीची कडा थोडी लाल, खेळण्यावर रक्ताचा ठिपका, तोंडाला किंचित वास, एवढं दात पालटण्यात चालतं. लाळेची तार लागणं, २४ तास काहीच न खाणं, सात महिन्यांनंतरही हिरडीवर लाल रेघ: याला ‘दात पालटतंय’ म्हणून झाकू नये. तो हिरडीचा आजार असू शकतो.

गोठा
एका शब्दावर भांडण करायचंय: ‘चावलं नाही हो, नुसता दात लागला.’ मराठीत हे सौम्य वाटतं. दवाखान्यात तसं चालत नाही. रक्त न येता कातडीवर ओरखडा उठला तरी रेबीजच्या लशीचा प्रश्न येतो. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, हळद-चुना काही न लावता, आणि त्याच दिवशी डॉक्टर. पिलाची रेबीजची लस ते तीन महिन्यांचं झालं की लगेच. म्हणजे दात पालटायला लागायच्या आधी.

पांझराकाठ
शेवटचं. एवढे २६ दात पडतात, मग झाडताना एकही का सापडत नाही?

कळणाभाकर
बहुतेक खाण्याबरोबर गिळतं, त्याने काही होत नाही. सापडलाच तर पटाशीचा तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, सुळा बाभळीच्या कोवळ्या काट्यासारखा. उलटा करून बघा. आपोआप पडलेला दात खालून पोकळ असतो, मूळ आतल्या आत विरून गेलेलं असतं. लांब मुळासकट निघाला असेल तर तो पडलेला नाही, कुठेतरी अडकून किंवा मार लागून उपटलाय. तेव्हा दात ठेवा बाजूला आणि पिलाचं तोंड बघा.