कॉकाटील घरी आलंय, पण दाण्याला चोच लावेना
(सोसायटीचा ग्रुप, परभणी)

बी-२०३ : नमस्कार. बदली झालेल्या ओळखीच्या घरातून कॉकाटील पोपट काल संध्याकाळी आमच्याकडे आणलाय. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालावर नारिंगी ठिपका, वय दीड वर्ष. रात्रीपासून एका कोपऱ्यात बसायलाय, दाण्याला चोच लावेना. लेकरं पिंजऱ्यापासून हलेनात. काय करावं?

ए-१०४ : ताई, आधी लेकरांना तिथून उठवा. पोपटाची जात ही शिकार होणारी. चार-पाच चेहरे रोखून बघायला लागले की त्याला ते मांजरासारखंच वाटतं. आज आणि उद्या फक्त दाणा-पाणी बदलायचं आणि बाजूला व्हायचं. पिंजरा ठेवलाय कुठं?

बी-२०३ : हॉलच्या मधोमध, छताच्या हुकाला टांगलाय. हवा खेळती राहते म्हणून.

ए-१०४ : तो आजच उतरवा. टांगलेला पिंजरा सारखा हलतो आणि चारही बाजूंनी माणसं दिसतात, पक्ष्याला पाठ टेकायला जागाच राहत नाही. हॉलच्याच कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत येईल असा भक्कम टेबलावर ठेवा. वरची दांडी तुमच्या छातीच्या ते डोळ्यांच्या उंचीत यावी. फार खाली ठेवला तर माणूस अंगावर आल्यासारखा वाटतो. पिंजऱ्याचं माप काय आहे?

बी-२०३ : दीड फूट रुंद, दीड फूट उंच. गोल आहे.

ए-१०४ : एका कॉकाटीलला निदान २४ इंच लांब, १८ इंच खोल, २४ इंच उंच लागतो, आणि चौकोनी. तो आडवा उडतो, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. दोन गजांतलं अंतर अर्धा ते पाऊण इंच, त्याहून जास्त असलं तर डोकं अडकतं. साधी चमकदार जस्ताची जाळी घेऊ नका. पोपट दिवसभर गज चावतो, जस्त पोटात जातं आणि विषबाधा होते. पावडर कोटिंगचा किंवा स्टीलचा बघा. पण आज लगेच पिंजरा बदलू नका. नवीन घर आणि नवीन पिंजरा एकदम नको, आठ-दहा दिवस जाऊ द्या.

सी-४०१ (पशुवैद्यक) : ताई, वाटीत दाणे दिसायलेत का?

बी-२०३ : हो डॉक्टर, वाटी भरलेली आहे.

सी-४०१ : वाटीवर हलकी फुंकर मारा. पोपट दाणा सोलून गर खातो आणि टरफल तिथंच टाकतो. वरून भरलेली दिसणारी वाटी कधीकधी नुसत्या फोलपटांची असते.

बी-२०३ : मारली. वरचं थोडं उडालं, खाली दाणे तसेच आहेत.

सी-४०१ : म्हणजे थोडं खाल्लंय. आता तळाचा कागद बघा. निरोगी शीचे तीन भाग दिसतात: हिरवट-तपकिरी वेटोळं, त्यावर पांढरा भाग, आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी. पहिल्या दिवशी भीतीनं पातळ होते, त्याला घाबरू नका. पण नुसती थोडीशी, गडद हिरवी शी असेल तर पोटात अन्न नाही. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा झाला तर यकृताकडे बघावं लागतं. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा आहे का?

बी-२०३ : केकसाठी आणलेला आहे.

सी-४०१ : उत्तम. काट्यावर छोटा डबा ठेवून शून्य करा. रोज सकाळी, पहिली शी झाल्यावर आणि खाण्याआधी वजन घ्या. सध्या हातात धरू नका, झाकणाला भोकं असलेल्या डब्यात अलगद शिरू द्या. जमत नसेल तर तीन दिवस थांबा, पण शी आणि दाण्यावर नजर ठेवा. मोठं कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचं असतं. ९० चं ८१ झालं, म्हणजे दहावा हिस्सा घटला, तर त्याच दिवशी दाखवायचं. पक्षी आजारपण लपवतो. पिसं फुगवून, डोळे मिटून तळाशी बसला तर उशीर झालेला असतो. आपल्या गावात पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, लातूर भागातल्यांना उदगीरचं जवळ पडतं.

ए-१०४ : ताई, आधीच्या घरी फोन करून तीन गोष्टी विचारा: दाणा नेमका कोणता, वाटी कशी आणि कुठे लावलेली, झोपायची वेळ काय. तोच दाणा, शक्य असेल तर तीच वाटी. नवीन वाटीच्या भीतीनं उपाशी राहणारे पोपट पुष्कळ. एक-दोन राळ्याची कणसं दांडीजवळ चिमट्यानं अडकवा. कणीस दिसलं की बहुतेक कॉकाटील खायला लागतात.

डी-३०१ : आमच्या नातेवाइकांकडे तर नुसत्या सूर्यफुलाच्या बिया घालतात. गुटगुटीत झालाय.

सी-४०१ : तोच धोका. सूर्यफूल आणि करडई आपल्याकडे मुबलक, पोपटाला आवडतातही, पण दोन्हीत तेल फार. वर्षानुवर्षं तेवढंच दिलं तर यकृतावर चरबी चढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. दिवसाला दोन मोठे चमचे मिश्रण पुरे: राळे, बाजरी, थोडी ज्वारी, सूर्यफुलाचे चार-पाच दाणे. सकाळी बारीक चिरलेली कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा. हिरवी मिरची खुशाल द्या, पक्ष्याला तिखट लागत नाही. मोडाची मटकी चालते, पण या उन्हात दोन तासांनी उचला, आंबते. अव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा, लसूण, खारवलेलं काही, सफरचंदाच्या बिया अजिबात नाही. बुरशी लागलेला शेंगदाणा तर विषच. कॅल्शियमसाठी आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातला समुद्रफेस (माकूळ माशाचं पांढरं हाड) गजाला बांधा. वाळू-खडे नकोत, पोपट दाणा सोलून खातो, त्याला लागत नाहीत. हा बदल मात्र पहिला आठवडा सरल्यावरच.

बी-२०३ : हॉल आणि स्वयंपाकघर एकच आहे आमचं. चालेल का?

सी-४०१ : नॉनस्टिकचा तवा असेल तर तो बंद करा. रिकामा तवा गॅसवर राहून फार तापला की त्याच्या थरातून जो वायू सुटतो, त्यानं पक्षी काही मिनिटांत मरतो. वास न येताही. बिडाचा किंवा लोखंडी तवा वापरा. धूप, अगरबत्ती, कापूर, डासांची कॉइल, झुरळाचा फवारा, डांबरगोळ्या, रूम फ्रेशनर यांतलं काहीही त्या खोलीत नको. देवघर हॉलमध्ये असेल तर तुपाचं निरांजन पुरे. पिंजरा फिनेलनंही पुसू नका, कोमट पाणी आणि साधा साबण. कागद मात्र रोज बदला. शी साफ केल्यावर हात धुवा. कॉकाटीलच्या पिसांची पांढरी भुकटी फार उडते, घरात कोणाला दमा असेल तर पोपट झोपायच्या खोलीत नको.

ए-३०२ : आणि ऊन? एप्रिलमध्येच ४२ झालंय.

ए-१०४ : कूलर चालतो, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको. कूलरच्या पॅडला कुबट वास आला की बदला, ती बुरशी पक्ष्याच्या फुफ्फुसात जाते. पाणी दिवसातून तीन वेळा बदला, बोअरचं क्षाराचं नको, प्यायचं द्या. दुपारी उथळ ताटलीत बोटभर पाणी ठेवा, वाटलं तर न्हाईल. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागला, पंख अंगापासून लांब धरले, तर लगेच थंड जागी हलवा आणि पायांवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. बर्फाचं पाणी नको. पिंजरा बाल्कनीत ठेवूच नका, मांजर आणि कावळे दोन्ही आहेत.

अजून एक. बाहेर सोडायची वेळ आली की नुसता पंखा थांबलाय हे बघू नका, बटण बंद केलंय का ते बघा. लाईट गेल्यावर बटण चालूच राहतं. पक्षी हवेत असताना लाईट आली की पंखा फिरायला लागतो. काचेच्या खिडकीवर पडदा, उघडी बादली झाकलेली.

बी-२०३ : हातावर कधी घ्यायचा?

ए-१०४ : तो ठरवेल. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पिंजऱ्याजवळ दहा मिनिटं तिरकं बसून हळू आवाजात बोला, दिवसातून दोन-तीनदा. तुमच्यासमोर खायला लागला की गजातून कणीस धरा. मग दार उघडून तळहातावर. शेवटी बोट पायाच्या जरा वर, पोटाला हलकं टेकवायचं, तो आपसूक चढतो. तुरा वाचायला शिका. निम्मा पडलेला तुरा म्हणजे निवांत. ताठ उभा म्हणजे दचकलाय. डोक्याला चिकटवून फुत्कारायला लागला तर तिथंच थांबा. हात झटकन मागे घेऊ नका, चावलं की हात जातो हे त्याला एकदा कळलं की रोज चावेल.

दांड्या पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांदीच्या करा, धुऊन उन्हात वाळवून, कमी-जास्त जाडीच्या, अर्धा ते एक इंच. सगळ्या एकसारख्या गुळगुळीत दांड्यांनी तळव्याला फोड येतो. वाटीच्या वर दांडी नको.

डी-००२ (सचिव) : सगळ्यांसाठी: आपला हिरवा, लाल कंठाचा देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. कोणाकडे असेल तर सोडून देऊ नका, वनविभागाच्या १९२६ वर कळवा. कॉकाटील विदेशी आहे, चालतो. सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे असे पोपट असतील तर केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

बी-२०३ : कोपऱ्यात हलवला, लेकरांना खाली खेळायला पाठवलं. रात्री पूर्ण झाकू का?

सी-४०१ : तीन बाजू सुती कापडानं, समोरची उघडी. दहा-बारा तास झोप लागते त्याला. झिरोचा दिवा चालू ठेवा. कॉकाटील अंधारात एखाद्या आवाजानं दचकून पिंजऱ्यात धडपडतं, पंखाची रक्ताची पिसं (नवी उगवणारी, आत रक्त असलेली) तुटतात. तसं झालं तर दिवा लावून हळू बोला, हात घालू नका. रक्त थांबत नसेल तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा आणि मला फोन करा. सकाळी कागदाचा फोटो टाका.