डीबीए व्हायचंय, कोर्स कोणता? – प्रतिसाद
हिंजवडीतली सपोर्टची नोकरी सांभाळून डीबीए (डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा) व्हायचंय, त्यासाठी हप्त्यावर महागडा व्हिडिओ कोर्स घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, एवढ्यात पैसे घालू नका. पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची डेव्हलपर आवृत्तीही शिकायला फुकट मिळते.

कोर्स बघताना आधी अनुक्रमणिका वाचा. सगळा भर सिलेक्ट आणि जॉइनवरच (माहिती शोधणं आणि टेबलं जोडणं) असेल तर तो डीबीएचा कोर्स नव्हे. बॅकअप, रिस्टोअर (बॅकअपमधून डेटा परत आणणं), रेप्लिकेशन (डेटाची दुसऱ्या सर्व्हरवर चालू प्रत ठेवणं), लॉकिंग (एकाच वेळी होणारे बदल एकमेकांत अडकू न देणं) हातानं करून घेतात का, ते महत्त्वाचं.

घरी एवढं करून बघाच. पोस्टग्रेसमध्ये १० लाख ओळींचं टेबल बनवा, एका ग्राहकाची नोंद शोधा आणि क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ' लावा. क्वेरी कशी चालली (प्लॅन) आणि किती वेळ लागला, ते ही आज्ञा दाखवते. सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे सगळं टेबल ओळीनं वाचणं, दिसेल. ज्या कॉलमवरून शोधलंत, त्यावर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) टाकून पुन्हा चालवा. प्लॅन बदलतो, वेळ झपकन खाली येतो. मग वॉल आर्काइव्हिंग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदवहीच्या, म्हणजे डब्ल्यूएएलच्या, प्रती साठवणं) चालू करून, बेस बॅकअप (पूर्ण डेटाबेसची प्रत) घेऊन मुद्दाम टेबल उडवा आणि उडवण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत डेटाबेस परत आणा. मुलाखतीत यावर खूप बोलता येतं.

सर्टिफिकेट हवंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या डीपी-३०० या डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या परीक्षेचं अभ्याससाहित्य त्यांच्याच साइटवर फुकट आहे. पैसे फक्त परीक्षेचे. रिस्टोअर करताना अडलात तर एररचा मजकूर इथे टाका, नक्की बघतो.